फुटपाथपासून भाड्याच्या खोलीपर्यंत: पुरुषांच्या निवारा केंद्रात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

देवस्थानं, मठ, चर्च, गुरुद्वारे, दर्गे यांच्या ट्रस्टकडे दोन गोष्टींची सहसा ददात नसते: जेवण आणि जागा. त्यामुळे बेघर पुरुषांसाठी काही करायचं ठरलं की पंगत आणि अंथरूण इथपर्यंत गाडी झपाट्याने येते, आणि तिथेच थांबते. माणूस रात्री येतो, जेवतो, झोपतो, सकाळी निघून जातो. पाच वर्षांनी पाहावं तर तोच माणूस, तोच कोपरा. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आणि ‘बेकारांना रोजगार’ ही दोन वेगळी कलमं आहेत. या दोहोंच्या मधला रस्ता कसा कापायचा, ते मात्र ज्याचं त्याने शोधायचं.

अशाच एका ट्रस्टच्या केंद्रात मी काही वर्षं काम करतोय. हा लेख महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम नव्याने अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे: पगारी असा, सेवेकरी असा, नाहीतर सुट्टीत आलेले विद्यार्थी. सरकारी नियम बदलत असतात, म्हणून कार्यालयात जाण्याआधी एक फोन करून खात्री करून घ्या. आणि प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: हे काम हा माणूस माझ्याशिवाय कधी करू शकेल? ज्या मदतीत या प्रश्नाला उत्तर नाही, ती मदत बहुतेक वेळा आपल्याच समाधानासाठी चाललेली असते.

आधी हाताशी काय ठेवायचं

- प्रत्येक माणसाची वेगळी फाइल, आणि मूळ कागदांसाठी प्लास्टिकचं झिप पाऊच
- ट्रस्टच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, महापालिकेची मान्यता असेल तर त्या पत्राची प्रत, लेटरहेड, गोल शिक्का
- अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड
- प्रत्येकाचे आठ-दहा पासपोर्ट फोटो (एकदाच काढून ठेवा, दर अर्जाला लागतात)
- कुलूप लागणारा कप्पा. किल्ली त्या माणसाकडे, तुमच्याकडे नव्हे
- भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: रुग्णवाहिका १०८, आधार १९४७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, नशामुक्ती १४४४६

शेवटची वस्तू म्हणजे वेळ. महिन्याभरात माणूस ‘सुधारून’ दाखवा असं विश्वस्त म्हणत असतील, तर पहिली समजूत त्यांची घाला.

## पायरी १. ओळख करून घ्या, उचलून आणू नका

रात्री दहानंतर जा. चालत जा. हा चालत जाण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो नाही. महाराष्ट्रात मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ लागू आहे. त्याखाली भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच खेपेला १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केल्या, आपल्याकडे तसं झालेलं नाही. फुटपाथवरच्या माणसाला कलम माहीत नसतं, गाडी माहीत असते. तुमच्या व्हॅनचे दिवे दिसले की तो बोचकं उचलून पळतो, मग व्हॅनवर कोणत्याही देवाचं चित्र असो.

झोपलेल्याला उठवू नका. जागा असेल त्याच्याशेजारी खाली बसा. उभ्याने बोलणारा माणूस पोलीस नाहीतर मुकादम वाटतो. ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’ जे वयाला शोभेल ते म्हणा आणि अहोजाहो करा. ‘तुम्ही इथे कसे?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही. फोटो तर मुळीच नको.

पहिल्या भेटीत लोक बहुधा नाहीच म्हणतात, आणि त्यांच्याकडे कारणं असतात. बोचकं चोरीला जाईल. सोबतच्या कुत्र्याला आत घेणार नाहीत. रात्रीची बाटली बंद होईल. शेजारी झोपणारा जोडीदार एकटा पडेल. ही कारणं ऐकून घ्या आणि जमेल त्याची सोय सांगा: कुलूपबंद कप्पा आहे, जोडीदारही येऊ शकतो, नको वाटलं तर सकाळी निघून जाता येईल. नोकरीचं आश्वासन देऊ नका. तसली आश्वासनं त्याने भरपूर ऐकलेली असतात.

दर खेपेला त्याच दोघांनी जावं. चेहरे बदलले की ओळख पुन्हा शून्यापासून.

## पायरी २. दाखल करून घेताना

रजिस्टरमध्ये तो सांगेल ते नाव लिहा. ‘खरं नाव सांगा’ म्हणून दरडावू नका. खरं नाव दोन आठवड्यांनी आपोआप बाहेर येतं, आणि तेच कागदांसाठी उपयोगी पडतं. नियम एका पानात बसतील एवढेच ठेवा आणि मोठ्याने वाचून दाखवा: आत दारू नाही, मारामारी नाही, रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत परत. पंचवीस नियमांचा फलक कुणी वाचत नाही.

आंघोळ, कपडे, न्हावी हे सगळं त्याला विचारून. पहिल्याच दिवशी दाढी-केस उतरवून ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो देणगीदारांना पाठवायची प्रथा काही ठिकाणी आहे. ती मला किळसवाणी वाटते, आणि तुमच्या केंद्रात असेल तर तुम्हीच बंद करा. वाढलेल्या केसांमागे नवस असू शकतो, धर्म असू शकतो, किंवा नुसती सवय.

केंद्रात मुक्काम असल्याचं फोटोसहित ओळखपत्र लगेच द्या. रस्त्यात पोलिसांनी हटकलं तर दाखवायला त्याच्या खिशात काहीतरी हवं.

जागेबद्दल एक गोष्ट. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारने ठरवलेलं मान माणशी किमान ५० चौरस फूट आहे. म्हणजे २,००० चौरस फुटांच्या सभामंडपात ४० माणसं. विश्वस्त शंभर म्हणतील. चाळीसच घ्या. गर्दी झाली की भांडणं होतात, खोकला पसरतो, आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललंय तो आधी बाहेर पडतो.

## पायरी ३. आधी तब्येत, मग बाकी सगळं

दारू. रोज पिणाऱ्याची दारू आश्रमात आणून एका दिवसात ‘सोडवणं’ जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम, प्रचंड थरथर, ताप, नसलेली माणसं दिसणं असं सुरू होऊ शकतं. याला डॉक्टर आणि औषधं लागतात, काढा आणि नामस्मरण पुरत नाही. सकाळी उठल्या उठल्या हात कापत असतील, पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली असेल, तर आधी सरकारी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन दाखवा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. शरीरातली दारू उतरल्यानंतरची लढाई लांब असते, आणि तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेच्या सभांचा उपयोग होतो. सभा फुकट असतात, आणि तिथे त्याला तुमच्यासारखे सज्जन लोक भेटत नाहीत, त्याच्यासारखे भेटतात. श्रद्धेची भाषा तिथे खुबीने वापरली जाते.

खोकला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधंही. क्षयरोग निघाला तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे मिळतात (नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये), पण ते थेट बँक खात्यात येतात. खातं नसेल तर पैसे अडकतात. म्हणून चौथी आणि पाचवी पायरी या पायरीच्या हातात हात घालूनच चालू द्या.

मन. स्वतःशी बोलणारा, उन्हात तीन शर्ट घालून फिरणारा माणूस ‘वेडा’ म्हणून बाजूला टाकू नका आणि बाबा-बुवांकडे नेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस रस्त्यावर भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवणं पोलिसांचं काम आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अशाच भटक्या रुग्णांना बरं करून घरी पोहोचवते, तिचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योग्य औषधाने माणूस किती बदलतो हे डोळ्यांनी पाहिलं की ‘याचं काही होणार नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

आणि चष्मा. यादीत कुणीच लिहीत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळचं दिसत नाही, तो पॅकिंगच्या कामावर चुका करतो, मालक हाकलतो, आणि आपण म्हणतो याचं कामात लक्ष नाही. डोळे तपासा. पायांच्या जखमाही तपासा. भेगा आणि चिघळलेली बोटं घेऊन कुणी दिवसभर उभा राहू शकत नाही.

## पायरी ४. कागद

नवीन कार्यकर्ते सगळ्यात जास्त थकतात ते इथे. क्रम पाळा: आधी आधार, मग खातं, मग बाकीचं. उलटं करायला गेलात तर प्रत्येक खिडकीवरून पहिल्या खिडकीकडे परत पाठवतील.

आधार. पहिला प्रश्न ‘आधार आहे का?’ असा विचारलात तर ‘नाही’ असंच उत्तर येईल, कारण कार्ड हरवलेलं असतं. विचारायचं असं: ‘कधी मशीनवर दहा बोटं ठेवली होती का? डोळ्यांचा फोटो काढला होता का?’ हो म्हणाला, तर नवीन नोंदणीच्या भानगडीत पडू नका. बोटांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात आणि नवा अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून नामंजूर होतो. तेही कित्येक आठवडे वाट पाहिल्यावर. त्याऐवजी आधार सेवा केंद्रात त्याला घेऊन जा आणि ठशांवरून जुना क्रमांक शोधून मागा. घरी फोन होत असेल तर जुन्या रेशन कार्डाच्या पिशवीत झेरॉक्स सापडण्याची शक्यताही चांगली.

खरोखरच नोंदणी झालेली नसेल तर प्रौढांच्या नव्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि त्यात काही महिने जातात. ते गृहीत धरून चला. पत्त्याचा पुरावा म्हणून मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधारच्या ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. नमुना आधारच्या संकेतस्थळावर मिळतो. इथे अर्ज परत येण्याची कारणं नेहमीचीच:

- फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा आलेला नाही
- खाडाखोड आहे, किंवा व्हाइटनर लावलंय
- प्रमाणपत्राला ३ महिने उलटून गेलेत
- संस्थेला मान्यता असल्याचा कागद सोबत नाही

जन्मतारीख अंदाजाने ‘१ जानेवारी’ टाकून मोकळं होण्याची घाई करू नका. आधारमधली जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, नाव दोनदा. तो शाळेत गेला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मागवता येतो का पाहा. नावाचं स्पेलिंग आणि क्रम (आडनाव आधी की शेवटी) पहिल्याच कागदावर नक्की करा आणि फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात कव्हर पाहून तेच उतरवायचं.

ठशांची गोष्ट सांगतो. वर्षानुवर्षं सिमेंट-विटा उचललेल्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवत राहतं, ऑपरेटर ‘जोरात दाबा’ म्हणतो, मागची रांग कुरकुरते, आणि हा माणूस आपलाच काही गुन्हा असल्यासारखा हात मागे घेतो. आदल्या रात्री कोमट पाण्यात हात भिजवून थोडं खोबरेल चोळा, सकाळी साबणाने स्वच्छ धुवा, आणि ओला रुमाल सोबत ठेवा. तरीही नाही जमलं तर डोळ्यांच्या बुबुळांवरून काम होतं. ते ऑपरेटरला ठामपणे सांगा. गर्दी नसलेल्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या.

मोबाइल नंबर. आधारला, बँकेला, सगळीकडे त्याचाच नंबर द्या. घाईत तुमचा किंवा संस्थेचा नंबर लावून टाकण्याचा मोह होतो, आणि मग तो माणूस दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात ओटीपीसाठी तुम्हाला फोन करत बसतो. सिम आधारवर मिळतं, म्हणून आधार झाल्यावर लगेच सिम, आणि मग परत आधार केंद्रात जाऊन तो नंबर जोडून घ्यायचा. दोन फेऱ्या पडतात, पडू द्या. रिचार्ज बंद पडला की काही महिन्यांत नंबर दुसऱ्याला जातो, हे त्याला समजावून सांगा.

मतदार ओळखपत्र. नमुना ६ भरायचा. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही: अर्जात जी झोपण्याची जागा लिहिली आहे तिथे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहतो, आणि एकापेक्षा जास्त रात्री पाहतो. म्हणून अर्ज दिल्यावर त्याने त्या रात्री जागेवर असायला हवं. हे त्याला आधीच सांगून ठेवा.

रेशन. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे गावच्या कार्डावरचं धान्य शहरात उचलता येतं. गावच्या कार्डावर त्याचं नाव असेल तर ते लगेच कमी करून घेऊ नका. त्या नावावर तिकडे कुणाचं तरी पोट भरत असेल.

ई-श्रम. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी. आधार आणि खातं असलं की नोंदणी पटकन होते.

निराधार अनुदान. संजय गांधी निराधार योजनेसाठी महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि फुटपाथचा रहिवास दाखवणं म्हणजे तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणं. अपंगत्व असेल तर आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, त्याने पुढचं बरंच सोपं होतं.

एजंटांपासून सावध. ‘हजार रुपये द्या, दोन दिवसांत आधार आणि पॅन’ म्हणणारा कचेरीच्या बाहेरच उभा असतो. तो खोट्या पत्त्यावर कागद काढतो आणि अडकतो तो आपला माणूस.

प्रत्येक खिडकीवर बोलायचं त्याने. तुम्ही मागे उभे राहा. पहिल्या खेपेला तो तुमच्याकडे वळून वळून पाहील, कारकूनही तुमच्याशीच बोलू लागेल. ‘त्यांना विचारा’ म्हणा आणि गप्प बसा.

## पायरी ५. खातं आणि पैसा

आधार हातात असेल तर जनधन खातं उघडा. किमान शिल्लक लागत नाही. आधार अजून आलेलं नसेल तरी अडून बसायचं कारण नाही. बँकेत ‘छोटं खातं’ उघडता येतं: बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा, बस. त्याला मर्यादा आहेत. वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत, शिल्लक ५०,००० च्या वर नाही, महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. खातं १२ महिने चालतं. दरम्यान ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. शाखेतला माणूस ‘असं खातं नसतं’ म्हणेल. शाखाधिकाऱ्याला भेटा.

पासबुक आणि एटीएम कार्ड संस्थेच्या कपाटात ठेवून घेऊ नका, त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. पिन विचारू नका. त्याने स्वतःहून ‘माझे पैसे तुम्हीच ठेवा’ म्हटलं तर वहीत तारीख, रक्कम, त्याची सही. आणि मागेल तेव्हा परत, कशाला हवेत असा प्रश्न न करता.

सगळ्यात धोक्याचा दिवस पगाराचा. आदल्या रात्रीच त्याच्याशी बोला: उद्या किती येणार, कुठे जाणार, कुणासोबत परतणार. आकडे त्याने सांगायचे, तुम्ही कागदावर लिहायचे.

## पायरी ६. काम

पहिल्या महिन्यात मजूर नाक्यावर पाठवू नका, असं माझं मत आहे. नाक्यावर काम मिळतं, पण संध्याकाळी रोख रक्कम हातात येते आणि सोबतचे चौघे सरळ गुत्त्याकडे वळतात. खानावळ, पॅकिंग, हाउसकीपिंग, गॅरेजमधला हेल्पर अशी ठरलेल्या वेळेची, खात्यात पगार येणारी कामं सुरुवातीला बरी. पहिले काही दिवस अर्धवेळ जमलं तर उत्तम. वर्षानुवर्षं रात्री जागून बोचकं राखणाऱ्या शरीराला सकाळी आठची ड्यूटी एकदम झेपत नाही.

वॉचमनची नोकरी सगळ्यांना आधी सुचते. तिला पोलीस पडताळणी लागते, आणि त्याच्यावर भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली किंवा इतर काही जुनी नोंद असेल तर ती तिथे अडते. म्हणून आधीच विचारून घ्या. दुसरा सापळा जास्त खोल आहे: ‘राहायची सोय आहे’. जिन्याखालच्या खोलीत झोपायची सोय असलेली नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जातं, आणि माणूस पुन्हा फुटपाथवर. अशी नोकरी घेतलीच तर पगारातून खोलीचं डिपॉझिट बाजूला पडतंय ना, एवढं पाहा.

मुकादमाकडून उचल घेऊ देऊ नका, म्हणजे घेऊ नये हे पटवून द्या. उचल घेतलेला माणूस काम सोडू शकत नाही, मजुरीही मागू शकत नाही. हजेरी मात्र स्वतःच्या वहीत रोज लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर फुली. बांधकामावर असेल तर ही हजेरी पुढेही कामाला येते: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र मागतात, वय १८ ते ६०.

## पायरी ७. आरती, प्रार्थना आणि ‘सेवा’

ट्रस्ट धार्मिक आहे हे लपवायचं कारण नाही. अनेकांना संध्याकाळच्या आरतीत, भजनात, नमाजात किंवा प्रार्थनेत बसल्यावर दिवसाला एक आकार आल्यासारखं वाटतं. पण जेवण आणि प्रार्थना यांची वेळ एकमेकांना चिकटवू नका. आरतीला नसेल त्याला ताट नाही, असा नियम लेखी नसला तरी वाढप्याच्या नजरेतून तो पोहोचतो. आधी जेवण, मग आरती, किंवा दोन वेगळ्या जागा. वेगळ्या धर्माच्या माणसाला त्याच्या प्रार्थनेसाठी बाहेर जायची मुभा द्या आणि ती फलकावर लिहा.

आता ‘सेवा’. केंद्रातला धडधाकट माणूस स्वयंपाकघरात हात घालतो, उत्सवात मंडप बांधतो, चपला सांभाळतो. चांगलं आहे. पण सहा महिने तो रोज आठ तास भांडी घासतोय आणि त्याला ‘सेवेकरी’ म्हणताय, तर तुम्ही बिनपगारी नोकर ठेवलाय. आपल्या वाट्याची झाडलोट सगळ्यांनी करावी, त्यापुढच्या कामाला पगार द्यावा किंवा ते काम देऊच नये. इथे विश्वस्तांशी वाजण्याची शक्यता आहे. वाजू द्या.

## पायरी ८. घरच्यांना कळवायचं का?

त्याच्या होकाराशिवाय नाही. ‘आईची भेट घडवून आणली’ याचे व्हिडिओ लोकांना फार आवडतात. पण काही जण घरातून मार खाऊन निघालेले असतात, आणि काही जण मारून. ज्या बायकोने मोठ्या कष्टाने त्याच्याशिवाय संसार उभा केला, तिच्या दारात तो एका सकाळी तुमच्यासोबत उभा राहावा असं तिला वाटतं की नाही, हे तिला कुणीच विचारत नाही. आधी फोन, तोही त्याच्या भावाला, बहिणीला किंवा गावातल्या त्याच्या विश्वासाच्या माणसाला. उत्तर नाही आलं तर ते त्याला खरंखरं सांगा, गोड करून नको.

## पायरी ९. खोली

एकदम स्वतंत्र खोली घेऊ देण्याऐवजी आधी कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने) किंवा केंद्रातल्याच ओळखीच्या दोघा-तिघांनी मिळून, असा मधला टप्पा ठेवा. सलग तीन महिने काम टिकलंय आणि डिपॉझिटचा निम्मा तरी भाग त्याने स्वतः साठवलाय, एवढं झाल्याशिवाय मी घाई करत नाही. उरलेला भाग ट्रस्टने बिनव्याजी द्यावा, थेट घरमालकाला, आणि हप्त्याने परत घ्यावा. दान म्हणून दिलेलं डिपॉझिट दुसऱ्यांदा मागायला माणसाला लाज वाटते. फेडलेलं कर्ज पुन्हा मागता येतं.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि कराराशिवाय आधारवरचा पत्ता केंद्राचाच राहतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं काम मालक टाळत असेल तर संस्थेचं पत्र घेऊन सोबत जा. केंद्राचं नाव ऐकून मालक बिचकतो. त्याला तुमचा नाही, सध्याच्या नोकरीच्या मालकाचा नंबर द्या.

सोबत द्यायच्या वस्तू: गादी, चादर, बादली-मग, एक पातेलं, तवा, गॅस किंवा इंडक्शन शेगडी, बल्ब, कुलूप. रविवारच्या जेवणाला केंद्रात यायचं आमंत्रण ठेवा. पहिले दोन आठवडे संध्याकाळी फोन करा, कारण चाळीस माणसांच्या गलक्यात झोपलेल्याला बंद खोलीतली शांतता खायला उठते, आणि पुष्कळांचा पेला पुन्हा तिथेच भरतो.

## पायरी १०. परत आला तर

बरेच जण येतात. नोकरी गेली, पुन्हा प्यायला लागला, जोडीदाराशी भांडण झालं. जागा असेल तर त्याच रात्री आत घ्या, नसेल तर दुसऱ्या केंद्रात फोन करून जागा मिळवून द्या. ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य पायपुसण्यापाशी सोडून या. प्यायलेला असेल तर झोपू द्या आणि तिसऱ्या पायरीवरची लक्षणं दिसतात का हे दोन-तीन दिवस पाहा.

नवी फाइल उघडू नका. जुनी काढा. आधार, खातं, मतदार ओळखपत्र यांच्या प्रती त्यात आहेत, नावाचं स्पेलिंग कव्हरवर आहे, चष्म्याचा नंबरही आहे. मूळ कार्ड हरवली असतील तर प्रतींवरून पुन्हा मिळतात. म्हणजे चौथी आणि पाचवी पायरी जवळपास झालेलीच आहे. दुसऱ्या सकाळी चहा झाला की फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि कुठून सुरू करायचं ते त्यालाच विचारा.